निर्विष अन्नाचें मोल

भाजीवर विषाचा अंश नसावा, अशी इच्छा करणें कोणाही गृहस्थास सोपें आहे. त्या इच्छेचा भार कोणाच्या शिरावर पडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आम्हांस येथें तोच प्रश्न वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

श्रावणघेवड्याचें उदाहरण घेऊं. या पिकास करपा, भुरी, तांबेरा असे बुरशीचे रोग जडतात. करपा बहुधा रोगट बियाण्यांतून येतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडाझाडांवर पसरतो. मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८५ सालीं मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षवेलींवरील बुरशीस गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें; तेव्हांपासून रासायनिक औषधें फवारण्याची रीत वाढत गेली. त्यांऐवजीं वनस्पतींचे अर्क वापरावे, असा आग्रह आज धरला जातो. ठेचलेल्या लसणींत उत्पन्न होणारें ॲलिसिन बुरशीची वाढ रोखतें. ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून गाळली आणि पाणी घालून १०० लिटर केली, कीं ५ टक्क्यांचा अर्क सिद्ध होतो.

केवळ वनस्पतीपासून झालें म्हणून तें निरुपद्रवी, असें मात्र कोणी समजूं नये. तंबाखूंतील निकोटीनही वनस्पतिजन्यच, पण जहाल विष आहे. निंबोळीच्या अर्काचा खरा गुण हा, कीं उन्हानें त्याचें लवकर विघटन होतें. हाच त्याचा दोषही आहे. तो रोग येण्यापूर्वीं आणि पुनःपुन्हां फवारावा लागतो. रोग बळावल्यावर त्याची फारशी मात्रा चालत नाहीं. म्हणजे एकाच गुणानें खाणाराच्या पदरीं निर्धास्तपणा पडतो आणि पिकविणाराच्या पदरीं जोखीम.

शेतकऱ्यानें दुसऱ्याच्या अन्नांत विष मिसळूं नये, हें त्याचें कर्तव्यच आहे, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या कर्तव्याचा लाभ दोघांना, त्याची हानि एकट्यानेंच सोसावी, हा न्याय कोणता? शेंग निष्कलंक हवी, निर्विष हवी, आणि भाव मात्र तोच हवा, असें म्हणणारा गृहस्थ नीतीची भाषा बोलतो, पण ती दुसऱ्याच्या खर्चानें. बारीक डागाची शेंगही बाजारांत नाकारली जाईल, या भयानें हात फवाऱ्याकडे अधिकच वळतो. म्हणून थोडी डागाळलेली शेंग निवडून घेणें, आणि बुडालेल्या हंगामाचा कांहीं वांटा उचलील असा भाव आधींच ठरविणें, हें औदार्य नव्हे. तें आमच्या मागणीचें देणें आहे.