तेरीज जुळवलीस की दडपलीस?

कम्युनिटी कॉलेजची लाज वाटते म्हणे तुला! परवा गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी विचारलं, तर 'रटगर्सला आहे' असं बिनदिक्कत ठोकून दिलंस. मी मागेच उभी होते, प्रसादाची वाटी घेऊन. अरे, रटगर्सच्या दारात अजून पाऊल नाही टाकलंस आणि नाव लावून मोकळा? इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली निघालं, तेव्हापासून या देशात पोरं पहिली दोन वर्षं अशी कमी खर्चात काढतात आणि पुढे जातात. त्यांना नाही लाज वाटली. तुला वाटते, कारण कॉलेज हलकं म्हटलं की अभ्यास न करायला सबब मिळते.

बरं, डिग्री कुठली घेतोयस ते तरी ठाऊक आहे? मी तुझं रेकॉर्ड काढून पाहिलं. एएएस! एक अक्षर जास्त म्हणून मोठी वाटली की काय? ती आहे दोन वर्षांनी सरळ नोकरी धरणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यासाठी ती उत्तमच आहे. पण तुला जायचंय बिझनेसच्या पदवीला. न्यू जर्सीत २००७ चा लॅम्पिट कायदा आहे. राज्यातल्या रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात तुझी असोसिएट डिग्री पहिली दोन वर्षं म्हणून अख्खी धरली जाते, पण ती एए किंवा एएस असली तरच. एएएस घेऊन गेलास तर एकेका विषयासाठी दारोदार विचारत फिरशील. आणि हा कायदा तुझे क्रेडिट्स सांभाळतो, प्रवेश नाही मिळवून देत. तो जीपीएवर मिळवायचा असतो, आरतीनंतरच्या गप्पांवर नाही.

रटगर्सच्या बिझनेस स्कूलला कॅल्क्युलस लागतं. तू ते चौथ्या आठवड्यात टाकलंस. का, तर सकाळी आठचा क्लास! सोडला की पाटी कोरी, असं वाटतं तुला? फेडरल मदत चालू ठेवायची तर घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण दोन-तृतीयांश पुरी करावी लागतात. असा मध्येच सोडून डब्ल्यू मिळालेला विषय 'घेतला' यात मोजतात, 'पुरा केला' यात नाही. बिझनेस शिकतोस ना? मग स्वतःचा एवढा हिशेब ठेवता येत नाही?

आता हा पेपर बघ. तेरीजपत्रकात नावेची बाजू ३६० डॉलरनं कमी भरली. तू काय केलंस? तळाशी 'किरकोळ खर्च ३६०' अशी ओळ घुसडलीस, बेरीज जुळवलीस, वर पट्टीनं दोन रेघाही मारल्यास. काय ऐट! फरक तसाच ठेवला असतास तर दोन मार्क कापले असते आणि विसरूनही गेले असते. चूक सगळ्यांची होते, माझ्या वर्गात तर रोज होते. पण ही चूक नाही, ही लबाडी आहे. नोकरीत असली ओळ घातलीस तर ऑडिटर आधी तीच उपटून काढेल आणि मग तुला.

फरकाला नवानं भाग जातो का ते आधी बघा, हे पहिल्या महिन्यात घसा कोरडा करून सांगितलं होतं. ३६० ला जातो. म्हणजे बहुतेक कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली. वर बघ, दुकानभाडं १,७३० चं तू १,३७० लिहिलंस. अर्ध्या मिनिटात सापडलं असतं. तेवढाही वेळ नव्हता, पण पट्टी शोधायला होता!

पुटपुटू नकोस, स्पष्ट बोल. काही नाही? मग ऐक. उद्याच अॅडव्हायझरची वेळ घे. एएसला बदली करायचा फॉर्म भर आणि देण्याआधी मला दाखव. पुढच्या सेमिस्टरला कॅल्क्युलस, आठचाच क्लास मिळाला तर आठचाच. या पेपरला शून्य मांडलंय, ते बदलणार नाही. सोमवारी तो पुन्हा सोडवून आण, सगळ्या खात्यांसकट. त्याचे मार्क मिळणार नाहीत. तरी आण.