धूळ आणि गंज

समुद्राकाठच्या इमारतीतली लोखंडी चेकर्ड प्लेटची बाल्कनी रंगवायला काढली की बराचसा वेळ खरवडण्यातच जातो. तारेच्या ब्रशखाली पोपडे सुटतात, नक्षीच्या खाचांत बसलेला गंज पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो आणि अखेर राखाडी पत्रा चमकू लागतो. बघणाऱ्याला वाटते, मळ गेला, मूळ उरले. जाणता रंगारी मात्र नेमका आताच घाईला येतो. खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक दिसते.

चित्तशुद्धी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा धूळ असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने झाकलेल्या ज्ञानासाठी मळलेल्या आरशाचा दृष्टान्त येतो. मळ बाहेरचा, पुसला की संपला. धम्मपदाच्या मलवग्गात मात्र लोखंडातून उपजून लोखंडालाच खाणारा गंज आहे. मनाला हा दुसरा दाखला अधिक लागू पडतो, असे मला वाटते. भट्टीत खनिजातला ऑक्सिजन काढून टाकला तेव्हा लोखंड हाती आले; गंज ही त्याची माघारी फिरण्याची वाट. अहंकारही असाच घरचा: दानशूराला दानातून फुटतो, विरक्ताला विरक्तीतून. मग शुद्धी एकदाच उरकून कशी चालेल? नित्यकर्माविषयी मीमांसेच्या परंपरेतले एक मत इथे चपखल बसते: संध्या केल्याने वेगळे फळ नाही, चुकवली तर प्रत्यवाय आहे. रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन, हे त्याच जातीचे कर्म. बाल्कनी जागेवर राहिली म्हणून कोणी सत्कार करत नाही.

यावर कोणी मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवील: सुमारे 1600 वर्षे उघड्यावर, ना प्राइमर ना रंग. पण धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासातून निघाले ते वेगळेच. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर धरला आहे आणि तोच आतल्या धातूला राखतो. स्तंभ गंजला नाही असे नव्हे. तो नीट गंजला. थोरांचे दोष नाहीसे होतात यापेक्षा ते असे बसते होतात, हे मला जास्त पटते. वेदान्ती म्हणेल, आत्म्याला गंज चढतच नाही. मान्य. पण कर्माची सारी खटपट अंतःकरणासाठी आहे, हे शांकरमतही सांगते.

खरा बोचरा आक्षेप पुढेच आहे: रंग म्हणजे शेवटी झाकपाकच ना? गंजावरूनच फिरवला तर होय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून फुगतो आणि रंगाला फोड आणतो. खरवडून लावलेला रंग आणि खरवडणे टाळायला लावलेला रंग एकाच डब्यातून निघतात, पहिल्या दिवशी सारखेच दिसतात. फरक कळायला एखाद-दोन पावसाळे जावे लागतात, आणि तो आधी दिसतो रेलिंगच्या पायाशी, जिथे पाणी साचून राहते.