दुसऱ्याच्या पायांनी प्रवास

समुद्र ओलांडावा की न ओलांडावा, हा प्रश्न आमच्या पणजोबांच्या पिढीस धर्मशास्त्राने घातला होता. तो वाद केव्हाच मिटला. आता परदेशगमनाच्या आड येते ती शास्त्राची आज्ञा नव्हे, गुडघ्याची. मुले मिळवती झाली, पैका गाठीस आहे, पासपोर्ट कपाटात तयार आहे, आणि पाय मात्र ऐकेनासे झाले आहेत. अशा अवस्थेतील माणसे आज पुष्कळ सुशिक्षित घरांत आढळतात. त्यांनी घरी बसावे की निघावे, आणि निघावयाचे तर कोणाच्या जिवावर, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि सोयीचा समजून त्याचा निकाल लावण्यात येतो म्हणूनच घरोघरी तो चुकीचा लागतो.

आम्ही राहतो ती दहिवली कर्जतला लागून, उल्हास नदीच्या काठी आहे. येथील एका ओळखीच्या घरी हा प्रश्न मध्यंतरी निघाला. घरातील आजी या निवृत्त शिक्षिका; सारा गाव त्यांस 'बाई' म्हणतो. एका गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, दुसरा शस्त्रक्रियेची वाट पाहणारा, हातात काठी, दोनशे पावलांवर कोठेतरी टेकावे लागते. मुलाने व सुनेने बेत केला की, डॅन्यूब नदीवर पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत आठवड्याची बोटीची सफर करावी. "आई, तुम्हांला चालावेच लागणार नाही," सून म्हणाली, "घरच नदीवरून चालत जाईल." त्यावर बाईंनी विचारले, "मी आले तर तुम्हां चौघांचा प्रवास माझ्या काठीच्या मापाने होईल. इतके मागण्याचा मला हक्क आहे का?" सगळे एकदम म्हणाले, "असे काय बोलता!" आणि तो विषय तेथेच राहिला. प्रेमाने प्रश्न दडपता येतो, सुटत नाही. तो येथे उचलून धरण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या चालत्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. युरोपातील नद्यांवर पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्यासाठी दरवाजे लावलेली मोठी कुंडे बांधलेली आहेत. त्यांतील कित्येकांची रुंदी १२ मीटर. म्हणून पुष्कळ बोटींची रुंदी साडेअकरा मीटरांच्या आत ठेवावी लागते, आणि लांबी मात्र १३५ मीटरांपर्यंत जाते. पूल ठेंगणे, म्हणून उंचीसही मर्यादा. अशा चिंचोळ्या घरात बोळ अरुंद असावयाचे व लिफ्टही लहानशीच असावयाची. बहुतेक बोटींवर ती मधल्या मजल्यांपुरती असते; तळच्या खोल्यांपर्यंत वा छतावर जात नाही. गर्दीच्या धक्क्यांवर दोन-तीन बोटी एकमेकींस खेटून बांधतात, आणि किनाऱ्यावर जावयाचे तर शेजारच्या बोटीच्या दिवाणखान्यातून, प्रसंगी छतावर चढून-उतरून जावे लागते. धक्क्यावरील फळीचा उतार नदीच्या पाण्याप्रमाणे रोज निराळा. २०१८ व २०२२ सालच्या उन्हाळ्यांत पाणी इतके आटले की कित्येक बोटी अडकल्या आणि उतारूंना मोटारींतून पुढे न्यावे लागले. किनाऱ्यावरील जुन्या शहरांतले रस्ते गोट्यांचे. काठीस आणि चाकांच्या खुर्चीस सारखेच शत्रू. म्हणजे घर नदीवरून चालते हे खरे. पण घराचा उंबरठा रोज बदलतो, ही गोष्ट जाहिरातीत नसते.

युरोपीय संघाने २०१० साली नियम केला व तो डिसेंबर २०१२ पासून अमलात आला, की केवळ अपंगत्वामुळे कोणासही बोटीवर घेण्याचे नाकारता येणार नाही. आगाऊ कळविल्यास चढण्याउतरण्यास मदत जादा पैसे न घेता द्यावी. परंतु त्यास अपवाद आहे: बोटीची अथवा बंदराची बांधणीच अशी असेल की सुरक्षितपणे नेणे अशक्य, तर नकार देता येतो. नियम न्याय्य आहे, आणि तरीही मौजेचा आहे. ज्या बांधणीने माणसास अडविले, तीच बांधणी नकाराचे कारण म्हणून पुढे करता येते. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र बारा मीटरांचा दरवाजा कोणीतरी केव्हातरी बारा मीटरांचा ठरविला, आणि तो ठरविताना बाईंचा गुडघा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे.

बाईंचा प्रश्न मात्र बोटीविषयी नव्हता, माणसांविषयी होता. त्याचे मूळ डॅन्यूबवर नसून आमच्याच तालुक्यात, माथेरानच्या डोंगरावर आहे. कर्जतहून नेरळ दुसरे स्टेशन. तेथून १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी डोंगर चढते. माथेरानात मोटारींस बंदी, म्हणून पॉइंट पाहावयाचे तर पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात जावे लागे. ही रिक्षा पुढून माणूस ओढी आणि चढ लागला की मागून माणसेच ढकलीत. काही वर्षांपूर्वी बाई तेथे गेल्या होत्या. बाजारपेठेपर्यंत पोहोचल्या, आणि रिक्षात बसण्यास त्यांनी साफ नकार दिला. माणसाने जनावरासारखे ओढावे आणि आपण वर बसून सूर्यास्त पाहावा, हे त्यांच्याने होईना. तेव्हा रिक्षावाला त्यांना म्हणाला, "बाई, तुम्हांसारख्यांनीच पाठ फिरविली तर आमची चूल कशी पेटायची?" बाई निरुत्तर झाल्या. त्या बसल्या नाहीत, सूर्यास्तही पाहिला नाही, आणि त्या माणसाचा दिवसही रिकामा गेला. सदसद्विवेकबुद्धीचे असे कित्येक विजय असतात, की त्यांत तिन्ही पक्ष हरतात.

या पेचाचे उत्तर एकट्या बाईंजवळ असणे शक्यच नव्हते. ते निघाले निराळ्या वाटेने. २०२२ च्या डिसेंबरात माथेरानात विजेवरील रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हातरिक्षांची प्रथा माणुसकीस व मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे, ती सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्यांस विजेच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे. या निर्णयातील शेवटचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बसणाऱ्याने पायी जावे असे न्यायालयाने म्हटले नाही, ओढणाऱ्याने दुसरे पोट शोधावे असेही म्हटले नाही. ओझे खांद्यावरून चाकावर गेले, आणि चाकाचा दांडा त्याच हातात राहावा अशी तजवीज सांगितली.

मदत घेण्यात लाज आहे, असे आपण मानतो. पण ती कोणत्या मदतीची? कर्जत स्टेशनात मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्या थांबतात, कारण बोर घाटाचा चढ सदतीसास एक असा आहे, आणि तो चढण्यास मागून इंजिने जोडावी लागतात. तेवढ्यात उतारू फलाटावर वडे खाऊन घेतात. आजवर एकाही उतारूने, 'माझी गाडी ढकलून घ्यावी लागते, मी लोणावळ्यास कोणत्या तोंडाने जाऊ?' असे म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. धडधाकट माणूसही नदी पुलावरून ओलांडतो, घाट बोगद्यातून चढतो, आणि वर म्हणतो, 'मी आपल्या पायांनी आलो.' जी मदत दगडात, लोखंडात मुरली तिला आपण रस्ता म्हणतो. जी अजून मुरावयाची आहे तिला उपकार म्हणतो. बाईंची काठी आणि मुलाचा दंड यांत जो संकोच दाटला आहे, त्यातील निम्मा तरी एखादा कठडा किंवा उतार कोणी बांधला नाही म्हणून आहे.

निम्माच म्हटले, कारण उरलेला लोखंडाने फिटणारा नाही. फळी ओलांडताना हात माणसाचाच लागतो, आणि वाट पाहणाऱ्या सोबत्यांचा वेळही माणसांचाच. या बाबतीत आमच्याकडे श्रावणबाळाची कथा फार लवकर पुढे केली जाते. आंधळ्या आईबापांस कावडीत घालून यात्रेस नेणारा तो मुलगा आदर्श खरा. पण कावडीतल्या दोघांस काय वाटत होते, हे कथेत कोणी विचारीत नाही. नेणाऱ्याचे पुण्य सांगता सांगता नेल्या जाणाऱ्यांची आपण पारडी करून टाकतो. आईस युरोप 'दाखवून आणणाऱ्या' कित्येक मुलांच्या उत्साहात, आपण दाखविले हे जगास दाखविण्याचाही अंश असतो. तो वाईट आहे असे नाही. तो आईच्या खाती मांडू नये एवढेच.

त्याहून आम्हांस कूर्मदासाची कथा जवळची वाटते. पैठणचा हा भक्त हातापायांविना, पोटावर सरपटत पंढरीस निघाला. लऊळपर्यंत आला आणि पुढे जाणे होईना. तेव्हा वाटेच्या यात्रेकरूंकरवी त्याने विठ्ठलास निरोप धाडला, आणि देव लऊळास आला. 'अपंगाने स्वस्थ बसावे, देव घरी येतो,' असा या कथेचा अर्थ लावणारे लोक ती अर्धीच ऐकतात. कूर्मदास पैठणात बसून राहिला नव्हता. जितके झेपेल तितके तो स्वतः आला, झेपेनासे झाले तेथे थांबला, आणि थांबल्याचे त्याने लपविले नाही, निरोप पाठविला.

हा निरोप पाठविणेच आज लोकांस जड जाते. प्रवास कंपनीच्या कागदावर 'चालण्यास अडचण आहे काय?' या प्रश्नापुढे घरची मंडळी 'किंचित' असे लिहितात, कारण खरे लिहिले तर नाकारतील ही धास्ती. मग दुसऱ्या दिवशी बुडापेस्टच्या धक्क्यावर तीस अपरिचित माणसे उन्हात उभी राहतात, आणि ज्या म्हातारीसाठी हे असत्य लिहिले तिला ती तीस तोंडे पाहावी लागतात. मदत मागण्याचा हक्क आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. पण ज्याच्याकडे मागावयाची त्यास 'नाही' म्हणण्याची संधी आधी मिळाली पाहिजे. दुसऱ्याचा वेळ त्यास न विचारता खर्चणे, हे पायांच्या दुखण्याने क्षम्य होत नाही. उलट बाजूचा अपराधही तितकाच मोठा: 'तुला झेपणार नाही' असे ठरवून आईस न विचारताच तिचे तिकीट न काढणे. त्याला आपल्याकडे काळजी म्हणतात.

आमच्या बाईंनी शेवटी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. लिफ्ट कोणत्या मजल्यास जात नाही, फळीस दोहोंकडे कठडा आहे काय, बोटी खेटून बांधल्या तर पायऱ्या किती, असे पाच प्रश्न. उत्तर सरळ आले: छतावर लिफ्ट नाही, खेटून बांधण्याविषयी हमी देता येत नाही. ते वाचून त्यांनी मुलास सांगितले, "मेल्कचा टेकडीवरचा मठ तुम्ही पाहून या. मी बोटीतच बसेन. आणि माझ्याजवळ कोणी बसायचे नाही." मुलगा जरा दुखावला. आमच्या मते आईने त्यास देता येण्यासारखी सर्वांत मोठी वस्तू दिली होती.

बोटीत बसून काठ पाहणे हा काय प्रवास, असे विचारणारे शुद्धिवादी भेटतातच. पंढरपुरास पायांवर डोके ठेवणाऱ्यांची रांग निराळी आणि मुखदर्शनाची निराळी. कित्येकांचे तर कळस पाहूनच समाधान होते. मुखदर्शन घेऊन परतलेल्यास 'तुझी वारी झालीच नाही' असे म्हणणारा वारकरी आम्हांस भेटलेला नाही. मेल्कच्या पुढे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या दोहों काठांवर चढत जातात, आणि हा वाखाऊचा टापू तर नदीतूनच पाहावा असे चालते लोकही सांगतात.

राहता राहिली पैशाची गोष्ट. डॅन्यूबचे तिकीट लाखांत जाते, आणि ज्यांस ते परवडत नाही त्यांचेही गुडघे दुखतात. त्यांची नदी घराजवळच असते. आमची उल्हास तशीच आहे. परंतु आपल्याकडील नदीघाटांच्या पायऱ्या उंच, शेवाळलेल्या, आणि बहुधा कठड्याविना असतात. अनंतचतुर्दशीस सारे घर गणपती घेऊन पाण्यापर्यंत जाते, आणि ज्या आजींनी दहा दिवस नैवेद्य रांधला त्या दारातच आरती ओवाळून मागे राहतात. आपणही पाण्यापर्यंत यावे काय, असे त्या विचारीत नाहीत. आणि घाटास एक लोखंडी कठडा बसविण्यास किती रुपये लागतील, याची चौकशी नगरपरिषदेत अजून कोणी केल्याचे आमच्या कानांवर नाही.