स्वप्नातले दान

हरिश्चंद्राची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आपल्याकडे ती सांगताना आजीबाई एक बारकावा हटकून सांगतात. राजाने राज्य दान दिले ते जागेपणी नव्हे, स्वप्नात. सकाळी विश्वामित्र दारी उभे राहिले आणि राजाने स्वप्नातला शब्द खरा केला. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले भारावून जातात. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, स्वप्न राजाला पडलं होतं, मग विकले गेले ते तारामती आणि रोहिदास का?"

स्वप्ने खरी करण्याविषयी आज उपदेश पुष्कळ ऐकू येतो. मनात जिद्द धरा, धीर धरा, कष्ट करा! उपदेश खोटा नाही. पण त्या मुलीच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

आधी धीराचे पाहू. मनमाडच्या माणसाला वाट पाहणे कुणी शिकवावे लागत नाही. गाव जंक्शनचे. दौंडकडे जाणारा, नांदेडकडे जाणारा, शिर्डीला निघालेला, सगळे इथे उतरून फलाटावर बसतात. पाण्याचेही तसेच. वर्षानुवर्षे आमच्या नळाला पाणी आले ते कित्येक दिवसांच्या अंतराने. पण या दोन प्रकारच्या वाट पाहण्यांत फार फरक आहे. फलाटावरच्या उतारूला काही करायचे नसते. गाडी दुसरा कुणीतरी हाकत आणत असतो. पाण्याची वाट पाहणारी बाई मात्र रिकामी बसत नाही. ती पिंपे घासून ठेवते, आजचे पाणी मोजून वापरते, धुण्याचे पाणी झाडांना घालते. स्वप्नाला लागतो तो धीर या दुसऱ्या जातीचा.

याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे नाना उद्योग करून चाळिशीला पोचले होते. भागीदारांशी पटेना म्हणून भरात आलेला छापखानाही सोडून झाला होता. अशा दिवसांत मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. रोज चित्रपट पाहणे आणि घरी प्रयोग करणे यांत डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. ती परत आल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कामाची माहिती करून घेतली आणि कॅमेरा घेऊन परतले.

पुढे त्यांनी केले ते मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. मोठ्या चित्रपटाला हात घालण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ, न कंटाळता, त्या रोपाची एकेक चित्रे घेतली. पडद्यावर मात्र तो अंकुर बघता बघता वाढला. भांडवल देणाऱ्यांना त्यांनी दाखवला तो हा वाटाणा.

आणि सरस्वतीबाई? त्यांचे दागिने गहाण पडले, हे सगळे सांगतात. पण त्यांनी दिले ते केवळ दागिने नव्हेत. अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून पात्रांवर उजेड पाडणे, हे सारे त्या करीत. वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. ज्या गोष्टीत एकाच्या स्वप्नापायी घरदार पणाला लागते, नेमकी तीच गोष्ट एका घराने आपले सर्वस्व पणाला लावून पडद्यावर आणली!

चित्रपट चालला, म्हणून आपण फाळक्यांना द्रष्टे म्हणतो. तो पडला असता तर 'बायकोचे दागिने घालवणारा' म्हणून शेजाऱ्यांनी नावे ठेवली असती. तेव्हा यशाच्या मापाने हा हिशेब करता येत नाही. यश पुढे असे किती दिवस टिकले? बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले. १९३७ चे 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १९४४ साली नाशकात ते गेले तेव्हा त्यांची आठवण थोड्यांनाच होती. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला मोठा पुरस्कार दिला जातो, तो पाहायला ते नव्हते.

मग माप कोणते? मला वाटते, स्वप्न पाहणाऱ्याला दुसऱ्याचे काही मागण्याचा हक्क मिळतो तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे, त्याने आधी आपला वाटाणा पेरून दाखवावा. लहान काम नेटाने पुरे करून आपल्या शब्दाला वजन आणावे. दुसरी याहून अवघड. ज्यांच्याकडून तो घेतो त्यांना त्याने कामात सामील करावे. तारामती विकली गेली; तिला कुणी विचारले नव्हते. सरस्वतीबाईंच्या हाती मात्र फिल्म होती, ती धुण्याची विद्या होती. घरात जो सोसतो त्याला कामाचे मर्मही ठाऊक असेल, तर ते सोसणे त्याचेही होते. नाहीतर स्वप्न एकाचे आणि कर्ज सगळ्यांचे.

दिवाळीला मुले-मुली घरी येतात. फराळाची ताटे समोर असताना एखादा हळूच म्हणतो, "नोकरी सोडीन म्हणतो, मनात काही वेगळंच आहे." त्याला लगेच हसू नये, लगेच टाळ्याही वाजवू नयेत. विचारावे, "वाटाणा पेरलास का? आणि आम्ही चादर कुठे धरायची, ते सांग." ज्याच्यापाशी या दोन्हींची उत्तरे असतील, त्याच्यासाठी कपाटातला डबा खाली काढायला हरकत नाही.