पान्हा आणि पहारा

मी एका दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात काम करतो. संघ कोल्हापूर जिल्ह्यातला. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे आणि बोट मात्र संघाकडे दाखवलं जाईल. शिकलो तत्त्वज्ञान. शिवाजी विद्यापीठाची बी.ए. झाल्यावर वडिलांनी "ह्यानं पोट भरतंय का?" एवढंच विचारलं, म्हणून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पोट भरलं. पण सांख्यकारिकेची जुनी प्रत अजून टेबलाच्या खणात आहे, आणि सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत जी चार मिनिटं मिळतात ती मी तिच्यात घालवतो.

रोज सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संस्थांतून संकलनाचे आकडे येतात: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. ते उचलायचे, दरपत्रकाशी ताडायचे आणि दूध घालणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज सोडायचा. हे करणारा प्रोग्राम मीच लिहिला आहे. त्याला खिडकी नाही, बटण नाही. असे जे प्रोग्राम पडद्याआड चालतात त्यांना युनिक्सच्या दुनियेत ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळला. तिथल्या लोकांच्या डोक्यात मॅक्सवेलचा तो काल्पनिक प्राणी होता, जो दारापाशी बसून वेगवान रेणू एका बाजूला आणि मंद रेणू दुसऱ्या बाजूला सोडतो. कुणी बघत नाही, तो थकत नाही. दूध संस्थेत मापाला बसणारा माणूस असाच असता तर बरं झालं असतं.

सुरुवातीला मी हा प्रोग्राम टर्मिनल उघडून हातानं चालू करत असे. एका पावसाळ्यात रात्रभर लाइट गेली, यूपीएस संपला. सकाळी सर्व्हर आपोआप उठला, पण प्रोग्राम उठला नाही. त्याला उठवणारा मी होतो आणि मी घरी झोपलो होतो. म्हणून ‘सुपरवायझर’ नावाचं साधन बसवलं. बसवायला एक कमांड. मग ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमध्ये सहा ओळींची फाइल: कुठला प्रोग्राम, कुणाच्या नावानं चालवायचा, मशीन उठल्यावर उठवायचा का, मेला तर परत उठवायचा का, लॉग कुठे लिहायचा. फाइल वाचायला सांगायचं, लागू करायला सांगायचं, आणि स्टेटस विचारायचं. ‘रनिंग’. पंधरा मिनिटांचं काम.

त्यात एकच अट असते, आणि ती मला फार आवडली. जुने डीमन सुरू होताना दोनदा आपली प्रत काढत, आई-प्रोसेसला मरू देत, टर्मिनलशी नातं तोडत. असा पोरका झालेला प्रोसेस एक नंबरच्या प्रोसेसच्या पदरात जातो. हा सरळ संन्यास झाला. सुपरवायझरला तो चालत नाही. तो म्हणतो, पळून जाऊ नकोस, माझ्यासमोर राहा, उंबऱ्याच्या आत राहून काम कर. मग तू पडलास तर मला कळेल, मी उचलीन. गीतेवर तासन् तास बोलणाऱ्यांनी संन्यास आणि कर्मयोग यांतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितला असेल.

पण रात्री डोक्यात भुंगा शिरला. माझ्या प्रोग्रामवर सुपरवायझरचा पहारा. सुपरवायझर मेला तर? त्याला सिस्टिमडी उठवतो, डेबियनमध्ये २०१५ पासून तोच एक नंबरचा प्रोसेस आहे. त्याला कर्नल उठवतो. कर्नलला बूटलोडर, बूटलोडरला फर्मवेअर, फर्मवेअरला बटण, बटणाला आमचा शिपाई. आणि शिपायाला? नैयायिक याला अनवस्था म्हणतात: प्रत्येक उत्तराच्या मागे तोच प्रश्न उभा. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरासाठी जी अनुमानं मांडली त्यांत एक धृतीचं आहे. जग पडत नाही, कारण कुणीतरी धरून ठेवलं आहे. कुठेतरी थांबावं लागतं, आणि ते ईश्वरापाशी थांबतात. मी शिपायापाशी थांबलो.

खरं सांगायचं तर माझा कल तेव्हा उदयनाकडे नव्हता, सांख्यांकडे होता. निरीश्वर सांख्यांना विचारलं जातं की तुमची प्रकृती जड, तिला कळत काहीच नाही. मग ती दुसऱ्यासाठी, पुरुषासाठी, काम कशी करते? सांख्यकारिका लिहिणाऱ्या ईश्वरकृष्णाचं उत्तर सत्तावन्नाव्या कारिकेत आहे आणि ते गोठ्यातलं आहे. वासराच्या वाढीसाठी दूध वाहतं. दुधाला काय कळतं? तरी वाहतं. पुन्हा पुन्हा वाचून मी खूश होत असे. माझा डीमन तेच तर करत होता, आणि तोही दुधाचंच! त्याला लिटर माहीत नाही, फॅट माहीत नाही, पण मेसेज जातो. वर बसून बघणारा कोणी लागत नाही, रचनाच तशी आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात या दृष्टान्ताला हात घातला आहे. दूध जड असेल, पण गाय जड नाही, असं ते म्हणतात. ती वासराच्या मायेनं दूध सोडते, आणि शिवाय वासरू ते ओढून घेतं. आठव्या शतकातल्या या संन्याशानं गोठा नीट बघितला होता याबद्दल मला शंका नाही. माझी आई भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावी चाळीस वर्षं म्हशी पिळत होती. तिनं भाष्य वाचलेलं नाही. पण म्हैस पान्हा सोडते आणि म्हैस पान्हा चोरते, हे दोन्ही तिला रोजचं ठाऊक. रेडकू थोडं पाजल्याशिवाय तिनं कधी कासेला हात लावला नाही. अनोळखी माणूस दारात आला की म्हैस आखडून घेई, आणि आई त्या माणसाला बाहेर घालवी.

शंकराचार्य जिंकले असं म्हणावं, तर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आडवं येतं. कासेला स्पर्श झाला की मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून हा रस रक्तात उतरतो आणि पान्हा सुटतो. काही लोक तो सरळ सुईनं टोचतात. माया नाही, रेडकू नाही, तरी दूध. सांख्य हसत असतील. आणि त्याहून जुनी एक रीत होती, लहानपणी मी एकदाच पाहिलेली. शेजाऱ्यांचं रेडकू मेलं, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस चाटत राहिली आणि दूध देत राहिली. मी आईला म्हणालो, तिला कळत नाही काय? आई म्हणाली, "कळतंय की न्हाई कुणाला ठावं. चाटू दे."

ते पेंढ्याचं रेडकू मला परत भेटलं ते सर्व्हरच्या पडद्यावर.

एका रविवारी सकाळी एका गावातून बाईंचा फोन आला. "साहेब, काल रातचा मेसेज आला न्हाई. संस्थेत स्लिप दिलीया, पर मेसेज न्हाई." मी म्हटलं बघतो, आणि घरूनच लॉगइन केलं. सुपरवायझरला विचारलं. उत्तर: रनिंग, अपटाइम १९ दिवस. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडून सगळं चालू आहे, तुमच्या मोबाइलचं नेटवर्क बघा. त्या म्हणाल्या, "शेजारणीलाबी न्हाई आला." तेव्हा मी लॉग उघडला. शेवटची ओळ आदल्या संध्याकाळची, सात वाजून तेवीस मिनिटांची. मेसेज पाठवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी झाली होती, उत्तर आलं नव्हतं, आणि माझा प्रोग्राम उत्तराची वाट बघत उभा होता. किती वेळ बघायची ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. अठ्ठावीस युगं तरी बघितली असती त्यानं. मेला नव्हता, म्हणून सुपरवायझरला उचलायचं कारण नव्हतं. पहारा चोख होता. पहाऱ्याखाली पेंढा होता.

टाइमआउट घातला. सुपरवायझर काढून काम थेट सिस्टिमडीकडे दिलं, कारण त्यात वॉचडॉगची सोय आहे. प्रोग्रामनं ठरलेल्या वेळात ‘आहे’ असा निरोप द्यायचा, नाही दिला तर त्याला मारून पुन्हा उठवलं जातं. हे बरं आहे, जरूर करावं. पण निरोप देणारा धागा वेगळा आणि काम करणारा धागा वेगळा ठेवला की पेंढा परत भरता येतो, एवढाच की आता तो हंबरतोही.

त्यानंतर मी सतरावी कारिका पुन्हा वाचली. सत्तावन्नाव्या कारिकेच्या नादात ती माझ्याकडून नुसती वाचून झाली होती. पुरुष आहे हे कशावरून? तिथे अधिष्ठाता हवा असंही कारण दिलं आहे, नाही असं नाही. पण त्या आधीचं पहिलं कारण असं की घडवलेली वस्तू दुसऱ्यासाठी असते. कारिकांवर भाष्य लिहिणारे गौडपाद इथे पलंगाचं उदाहरण देतात: पलंग आहे म्हणजे त्यावर निजणारा कोणीतरी आहे. आणि पुढचं एक कारण, कोणीतरी भोक्ता हवा. मी इतकी वर्षं साक्षी म्हटलं की वर बघत होतो, एक नंबरच्या प्रोसेसकडे, कर्नलकडे, शिपायाकडे. वरच्याला फक्त एवढंच कळतं की खालचा आहे. काम होतंय का, हे कासेला तोंड लावलेल्यालाच कळतं. सांख्यांनी साक्षी आणि भोक्ता एकाच पुरुषात ठेवले ते काही चुकून नव्हे. ईश्वर आहे की नाही यावर मी मत देत नाही. पण आमच्या संघाच्या सर्व्हरपुरतं सांगतो: धृतीचं अनुमान मला एकदा तोंडघशी पाडून गेलं आहे आणि भोक्त्याचं अजून तरी नाही. सर्व्हर चालवणाऱ्या कुणाला हे पटत नसेल, तर त्यानं आपल्या सगळ्या हिरव्या दिव्यांच्या खाली एकदा लॉगची शेवटची वेळ बघावी.

आईनं गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी शेवटची म्हैस विकली. तिचा मोबाइल नंबर मी यादीच्या अगदी शेवटी घातला आहे, शून्य लिटर, शून्य फॅट. म्हणजे तिला मेसेज गेला तर तिच्या आधीच्या सगळ्यांचे पाठवून झाले. नाही आला तर फोन कर, एवढं तिला सांगून ठेवलं आहे. काल संध्याकाळी पावणेआठला तिचा फोन आला. मी धडपडत लॅपटॉप उघडला. मेसेज गेलेला होता.

"आलाय रं मेसेज," ती म्हणाली. "पर ह्यो फॅट शून्य का दावतोय? आपल्या म्हशीचं सातच्या खाली कधी आलं न्हाई."