केडगावची उपासना

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायकांना आसरा दिला आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होत असे, तशीच शेती, विणकाम, अगदी छापखान्यात खिळे जुळवण्याचं कामही बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता. तरी बायबलचं भाषांतर करताना त्यांनी साध्या, अल्पशिक्षित बाईला कळेल अशीच मराठी धरली. मला त्यांची श्रद्धा इथेच सर्वांत लख्ख दिसते. ज्या ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या मागे चालणारी बाई आणखी कशी बोलणार? आज घरी येणाऱ्या मावशींशी, कचेरीतल्या शिपायाशी बोलताना आवाज जरा खाली आणूया. त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊया.