परतीच्या तिकिटाचं वैराग्य

रतनवाडीचा अमृतेश्वर मागे टाकून कात्राबाईची खिंड चढताना आमच्यातला एकजण धापा टाकत म्हणाला, "हेच खरं वैराग्य!" सॅकमध्ये पॉवरबँक, तंबू, बाकरवडीचा पुडा. मला हे मुळीच पटलं नाही. रविवारची परतीची एसटी ठरलेली असताना आपण काय सोडलं? फार तर रजा काढली.

पुढे कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड, उंची सुमारे १४२० मीटर. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भलं थोरलं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की जग संपेल म्हणतात. (खाली कचरा टाकणाऱ्यांना याचीही भीती नाही.) चांगदेवांनी गडावर तप केलं, 'तत्त्वसार' इथेच लिहिला, असं परंपरा सांगते. त्यांचं परत जाणं कुणी ठरवून दिलं नव्हतं.

पण खिंडीतच माझं पाणी संपलं, तेव्हा त्याच बोलघेवड्याने आपली उरलेली अर्धी बाटली न विचारता माझ्या हातात दिली आणि संध्याकाळपर्यंत स्वतः कोरडा चालला. त्याच्या बोलण्याला मी आजही हसते. त्या बाटलीपुरतं मात्र त्याला वैरागी म्हणायला माझी हरकत नाही.